पित्ताची वाट

लिफ्टमध्ये एका माणसानं माझे आभार मानले आणि त्या दिवसाची घडी तिथंच विस्कटली. सकाळचे सव्वाआठ झाले होते. मी रक्तपेढीतून रक्ताची एक जादा पिशवी घेऊन खाली निघाले होते. पाहुण्यांची लिफ्ट बंद होती म्हणून एका सेवकानं त्याला चाकाच्या खुर्चीसकट आमच्या सामानाच्या लिफ्टमध्ये घेतलं. पिवळे डोळे, काड्या झालेले हात आणि मधे ताणलेलं पोट. असली माणसं मी फायलीत बघते, लिफ्टमध्ये नाही. तो मान वर करून लिफ्टचा आवाज ऐकत होता. "दुसऱ्या मजल्यावर घासतेय," तो म्हणाला, "ग्रीस कुणी घातलेलंच नाही." मग माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून म्हणाला, "ते यकृताचं यंत्र तुम्हीच चालवता?" मी हो म्हणाले. खोटं सुचायला मला वेळ लागतो. "मग तुम्हालाच सांगायचं होतं. आज परत बोलावलंय मला. अकरा महिन्यांमागं असंच बोलावून घेतलं, तयार केलं, पोटावर खुणासुद्धा केल्या, आणि तुमच्याकडनं निरोप आला की खराब आहे. बायको रडली. मी म्हटलं, रडतेस काय, वाचलो! मॅडम, मी लिफ्ट दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली. आमच्यात न बघता सही करणारे पैशाला पासरी. बघून सही करणारा एखादाच. खराब माल माझ्या पोटात जाऊ दिला नाहीत, उपकार आहेत तुमचे." लिफ्ट थांबली. सेवकानं खुर्ची बाहेर काढली. मी पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिले आणि लिफ्ट मला घेऊन परत वर गेली.

मला माझं काम येतं. हे मी मान खाली घालून वगैरे सांगणार नाही. चौदा वर्षं हृदयाच्या ऑपरेशनला पंप चालवला आणि आता सहा वर्षं हे यंत्र चालवते. सगळे मला पंपवाली म्हणतात, आणि मला ते आवडतं. काम असं की मेलेल्या माणसाचं यकृत कुणीतरी दान करतं, ते आमच्याकडे येतं, आणि जिवंत माणसाच्या पोटात जाईपर्यंत मी ते जिवंत ठेवते. पूर्वी ते बर्फात यायचं. बर्फात ते निजतं, नासत नाही. पण निजलेल्या माणसाला तू बरा आहेस का असं विचारून उपयोग नसतो, आणि नीज फार लांबली तर तो उठतही नाही. आता मी त्याला एका स्वच्छ तबकात ठेवते, शिरेला आणि धमनीला नळ्या जोडते, आणि सदतीस अंशांवरचं रक्त, प्राणवायू, साखर, औषधं घालून ते फिरवत राहते. पाच-दहा मिनिटांत करड्या मातीच्या रंगाचं ते लालसर होतं. दर वेळी होतं आणि दर वेळी मी बघत राहते. मग ते कामाला लागतं, आणि कामाला लागलेलं दिसतं. रक्तातलं लॅक्टेट म्हणजे आंबलेपणाचा एक आकडा असतो. यकृत जागं झालं की तो उतरतो. आणि दुसरं म्हणजे पित्त. यकृताच्या खालच्या बारीक वाटेला मी एक नळी लावते, तिचं दुसरं टोक बाटलीत, आणि त्या बाटलीत थेंब पडायची आम्ही वाट बघतो. आमच्या घरात पित्त म्हणजे वैरी. नवऱ्याला पित्त, सासूबाईंना पित्त. 'पित्त उठलंय' असं कुणी म्हटलं की घरातले पडदे ओढले जातात आणि मी पायमोजे घालून चालते. आणि इथं आम्ही चार शिकलीसवरलेली माणसं एका बाटलीभोवती डोळ्यांत तेल घालून उभी असतो, पित्त यावं म्हणून. नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "माझं घेऊन जा."

बाबांना मात्र हे यंत्र कधी पटलं नाही. ते बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते. त्यांच्या अंगाला अमोनियाचा वास यायचा आणि उन्हाळ्यातसुद्धा त्यांचे तळवे गार असायचे. ताप आला की मी औषधाआधी त्यांचा हात मागायची. मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे डबे सोडलेले, दुसऱ्या दिवशी त्यातून लाद्या निघायच्या, आणि बाबा एकेका लादीवर बोट टेकवून मधल्या पांढऱ्या रेघेवरून सांगायचे की भुशात गुंडाळली तर ही किती तास टिकेल. एकदा त्यांनी मला लादीवर हात ठेवायला लावला आणि वीस अंक मोजायला सांगितले. मी बारावर हात काढला. "गारव्यात माल टिकतो, उबेत नासतो," ते म्हणाले. बारा वर्षांची असताना मला ते सगळ्या जगाचं उत्तर वाटलं होतं. आमच्या रुग्णालयात बर्फातली यकृतं यायला लागली तेव्हा बाबांना कोण अभिमान. पुढं हे यंत्र आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे घरातला कुणी फुटून पलीकडच्या पक्षात गेल्यासारखं पाहिलं. आता ते ऐंशीचे आहेत आणि कॉम्प्रेसरच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाच गेलेत. अकरा महिन्यांपूर्वीची गोष्ट घरात मी फक्त त्यांना सांगितली, कारण त्यांना ऐकू येत नाही. मी पूर्ण सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या पायांना तेल लावत. सगळं ऐकल्यासारखं करून ते म्हणाले, "भुसा कमी पडला असेल."

अकरा महिन्यांपूर्वी यंत्राच्या पडद्यावरची यादी पुढं सरकेना. एकतीस गोष्टी तपासायच्या असतात, प्रत्येकीपुढं खूण करायची, आणि एक जरी राहिली तरी पुढचं पान उघडत नाही. एकविसावी गोष्ट: पित्ताची नळी बांधल्यावर तिच्यातून पाणी सोडून ती मोकळी असल्याची खात्री करणे. आमचा तरुण सर्जन, ज्याला सगळे रेशीम म्हणतात, कारण तो रेशमी धाग्याच्या गाठी फार देखण्या मारतो आणि त्याची स्वतःची रेशीमगाठ काही जमत नाही, त्यानं नळी बांधली होती. त्याची गाठ बघून मला तपासायची गरज वाटली नाही. हे मी स्वतःला नीट सांगितलं पाहिजे: घाई नव्हती, डोळ्यांवर झोप नव्हती, कुणी ओरडत नव्हतं. गाठ सुंदर दिसत होती आणि मला माझं काम येत होतं. मी खूण केली, पान उघडलं. लॅक्टेट हळूहळू उतरलं. पित्त आलं नाही. पाच तास आलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "नळी मोकळी आहे?" आणि मी पडद्याकडे बोट दाखवलं. खूण होतीच. त्यांनी नको म्हणून सांगितलं, पंप बंद झाला, वरच्या मजल्यावर कुणालातरी घरी जायला सांगितलं गेलं. कोणाला, ते मला माहीत नव्हतं. माहीत नसणं हा आमचा नियमच आहे आणि त्या दिवशी तो मला फार सोयीचा पडला. चाळीस मिनिटांनी, तपासणीला पाठवण्यासाठी मी यकृताच्या नळ्या सोडवत होते. शेवटची पित्ताची. धागा कापला आणि माझ्या हातमोज्यावर पित्त आलं. एक-दोन थेंब नव्हे. ओंजळभर, दाट, हिरवट सोनेरी, आणि अजून कोमट. गाठ नळीच्या मऊ भागावर बसली होती. यकृतानं पाच तास इमानेइतबारे काम केलं होतं आणि आम्ही बाहेरून त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं. खोलीत मी एकटी होते. तोवर ते गार पडत चाललं होतं, आता बोलून ते परत येणार नव्हतं, रेशीमचं नाव फुकट खराब झालं असतं, अशी चार-पाच कारणं मला एका दमात सुचली. सगळी शहाण्या माणसाची कारणं होती. मी हातमोजे काढून टाकले.

खाली आले तेव्हा यंत्र आपल्या लयीत चाललं होतं. ही खोली मला माझ्या घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा जास्त आपली वाटते: भिंतीला लागून फिकट हिरवं कपाट, एक उंच स्टूल ज्याचा एक पाय मी चिकटपट्टीनं बांधलाय, आणि पंपाची घरघर, जी दहा मिनिटांनी ऐकू येईनाशी होते. आजचं यकृत बासष्ट वर्षांच्या माणसाचं होतं, थोडं चरबीचं. दोन रुग्णालयांनी ते नाकारलं होतं. रेशीम स्टुलावर बसून आकडे लिहून घेत होता. "कुठं होतात ताई? लॅक्टेट चारवर आलंय." "आणि पित्त?" त्यानं नुसती नाही अशी मान हलवली. मी पिशवी टांगली. त्या माणसाचा आवाज माझ्या कानात होता, बघून सही करणारा एखादाच. शिवी दिली असती तर मी झेलली असती. अकरा महिने मी त्या अनोळखी माणसाला मेलेला धरून चालले होते. मेलेल्याचं एक बरं असतं, तो लिफ्टमध्ये भेटत नाही. आणि हा जिवंत होता, वाळून कोळ झाला होता, आणि लिफ्टच्या ग्रीसची काळजी करत होता. याला आज हे यकृत मिळालं नाही तर पुढच्या बोलावण्यापर्यंत हा राहणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मला तिथंच, पिशवीचा चिमटा लावताना, एकदम रडू आलं आणि रेशीमनं ते पाहिलं. "डोळ्यात काय गेलं?" "तुझी गाठ," मी म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं, नेहमीची थट्टा.

आजची नळी मोकळी होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक नळी तीनदा तपासते, रेशीमला समोर उभं करून, आणि तो वैतागतो तरी मी सोडत नाही. एकविसाव्या खुणेची मी इतकी पक्की झालेय की माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या दोघी आता जिथं असतील तिथं तीनदाच तपासत असतील, का ते माहीत नसताना. तेव्हा पित्त नाही याचा अर्थ एकच होता, हे यकृत अजून पित्त करत नव्हतं. म्हातारं यकृत असतं, चरबीचं असतं, त्याला वेळ लागतो. पण बाकी सगळं ते करत होतं. लॅक्टेट चारवरून तीन, तीनवरून दोन. रक्ताचा आंबटपणा ते स्वतः सावरत होतं, मला औषध घालावं लागलं नव्हतं. घातलेली साखर ते वापरत होतं. धमनीतून रक्त सैल, मोकळं वाहत होतं. मी तबकावरचं झाकण उचलून बोटांच्या पेरांनी कडेला हलकेच दाबलं. मऊ आणि उबदार होतं, आणि बोट काढल्यावर खळगा भरून आला. शंभरावर यकृतं या बोटांखालून गेलीत. हे चालणार आहे, हे मला कळलं. कसं, ते आकड्यांत मांडायचं तर अर्धंच मांडता येईल.

नऊला मोठे डॉक्टर आले. अठ्ठावन्न वर्षांचे, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं आहे की ते मला अगं-तुगं करतात आणि माझ्यावर कधी ओरडत नाहीत. त्यांनी आधी बाटली पाहिली. "काही नाही?"

"तीन तास झाले सर. लॅक्टेट दोन पॉइंट एक."

"लॅक्टेट मागच्या वेळीही उतरलं होतं. पित्त नाही म्हणजे नाही. मागच्या वेळी आपण ते धरून चाललो आणि वाचलो." ते रेशीमकडे वळले. "म्हणून तर मी नियमच केला, पुढच्या परिषदेत तेच मांडणारेय. वर सांगून टाक, आज नको."

मला नियमाचं माहीत होतं. मी त्याच्या कागदावर सहीसुद्धा केली होती. माझी चूक मोठी झाली, शाळेत गेली, आता परिषदेत भाषण करणार होती. मी गप्प बसले तर फक्त आज नाही, या नियमाखाली अशी किती हळू चालणारी, चांगली यकृतं कचऱ्यात जातील याचा हिशोब कुणी करणार नव्हतं, आणि मी निवृत्तीच्या दिवशी एक घड्याळ घेऊन घरी गेले असते. भीती वाटली का? वाटली. पण बोलू का नको, असा प्रश्न मला पडला नाही. लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हाच तो संपला होता.

"सर, मागच्या वेळी पित्त होतं."

रेशीमचा फोन कानाकडे जाता जाता थांबला. मी सांगितलं. उभ्याउभ्या, चार वाक्यांत. खूण आधी केली. नळी तपासली नाही. गाठ मऊ भागावर होती. यकृत उतरवल्यावर धागा कापला तेव्हा ओंजळभर आलं. "आणि मी कुणाला बोलले नाही," हे पाचवं.

पंपाची घरघर मला पुन्हा ऐकू यायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा काढला, पुसला, हातातच धरला. त्यांचं पित्त खवळलं की मानेची एक शीर उडते, ती उडत होती. "अकरा महिने," ते म्हणाले. "अकरा महिने मी हे प्रकरण पोरांना शिकवतोय." मग, "आणि आता मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"हो सर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला स्वतःलाही त्या 'हो'चं नवल वाटलं, पण मागं घ्यावंसं वाटलं नाही. "तेव्हा मी बघितलं नव्हतं. आज बघितलंय. नळीतून तीनदा पाणी सोडलंय, रेशीम समोर होता. तुम्ही स्वतः सोडून बघा. हे यकृत हळू आहे, आजारी नाही. हे बर्फात असतं तर आत्ताच्या आत्ता ठरवावं लागलं असतं. हे उबेत आहे, संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबेल. तासभर द्या."

"आणि तासानं नाही आलं तर?"

"तरी घ्या."

त्यांनी हातमोजे चढवले आणि नळीतून स्वतः पाणी सोडलं. ते सरळ गेलं. रेशीम भिंतीला टेकून आपल्या बोटांकडे बघत होता. त्याला मी आधी एकट्याला सांगायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी तबकात हात घातला, माझ्यासारखंच कडेला दाबलं, आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. "लेखी दे," ते म्हणाले, "आजच. आणि चौकशी समिती सांगेपर्यंत एकटीनं सही करायची नाहीस." मी बरं म्हणाले. एक तास गेला. बाटलीच्या तळाशी काही नव्हतं. नळीच्या आत पिवळसर ओल होती, ती पित्ताची म्हणावी तर म्हणता आली असती, पण मी म्हणाले नाही. त्यांनीही बाटलीकडे पाहिलं नाही. आकड्यांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घडी करून खिशात ठेवला. "त्याला खाली आणा," ते म्हणाले. दुपारी सव्वादोनला शस्त्रक्रियेच्या खोलीतून नर्सचा फोन आला. "ताई, सरांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय. पोटात जोडल्यावर अर्ध्या तासात पित्त आलं. भरपूर." मी तेव्हा लेखी द्यायच्या कागदाच्या दुसऱ्या पानावर होते. थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि उरलेलं पान पुरं केलं.

नवव्या दिवशी मी वर गेले. हे नियमात बसत नव्हतं, पण मोठ्या डॉक्टरांना विचारून गेले. ते म्हणाले, "जा. पण रडायचं नाहीस त्याच्यासमोर, टाके ताजे आहेत त्याचे." तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. डोळे पांढरे झाले होते. त्यामुळे तो मला क्षणभर ओळखूच आला नाही. बायको पलंगावरची चादर ताणत होती. यांच्याशी एकटीनं बोलायचंय असं मी म्हणाले तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग "मी औषधं घेऊन येते" म्हणून गेली.

"मॅडम! या की. तुम्ही पास केलंत म्हणे, सर म्हणाले."

"हो. पण मी दुसरं सांगायला आलेय. मागच्या वेळचं खराब नव्हतं."

"म्हणजे?"

"चांगलं होतं. नळी गाठीनं दाबली गेली होती. ती तपासायचं काम माझं होतं. मी न बघता सही केली."

त्यानं खुर्चीच्या हातावर बोटं टेकवली. ओरडेल, असं मला वाटलं. ओरडला असता तर मी ऐकून घेणार होते, त्याची तयारी करून आले होते. "एकोणतीस वेळा पोटातलं पाणी काढलं माझं," तो सावकाश म्हणाला. "या अकरा महिन्यांत." मी मान हलवली. माफी मागितली. मागताना ते शब्द किती छोटे आहेत ते मला कळलं, तरी दुसरे नव्हते म्हणून तेच दोनदा म्हणाले. त्यानं ते ऐकलं की नाही, समजेना. तो खिडकीतून खाली बघत होता, जिथं नुसत्या उभ्या गाड्या होत्या.

"मग ते कुणाला दिलंत?"

"कुणाला नाही."

"कुणालाच?"

"नाही. पंप बंद झाला होता. वेळ गेली."

"चांगलं होतं म्हणता."

"हो."

मी इतके दिवस या माणसाचा विचार केला होता, त्याला मारलं होतं, जिवंत केलं होतं. माझ्या नोकरीचा, नावाचा, रेशीमचा, बाबांचासुद्धा केला होता. तो आता कुणाचा विचार करतोय, ते मला कळत नव्हतं.

"ज्यांनी दिलं," तो म्हणाला, "त्यांच्या घरी काय सांगितलंत?"

"खराब निघालं म्हणून."

त्यानं मान वळवली आणि पांढऱ्या, स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग माझ्याकडे काय बसलाय, मॅडम," तो म्हणाला. "तिकडं जा."

मी उठले.